दोनशे चौदावा प्रश्न

मंगळवार, ३ ऑक्टोबर

आलं एकदाचं परिपत्रक! सर्व्हर रूममध्ये बसायचं तर सर्टिफिकेट हवं. तेही या महिन्याच्या एकतीस तारखेच्या आत. नसेल तर तळमजल्यावर, हेल्पडेस्कला. म्हणजे दिवसभर कानाला फोन — माउस हलत नाही, प्रिंटर कागद खातो, पासवर्ड विसरलो. चौदा वर्षं या हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळतेय मी. कुठला पंखा कधी कुरकुरतो ते आवाजावरून सांगेन. आणि आता माझीच परीक्षा!

आधी चिडले. मग वाटलं, बघू तरी काय विचारतात ते. सव्वीस तारीख घेतली, गुरुवार.

दुपारी पेनड्राइव्ह खुर्ची सरकवत शेजारी आला. गळ्यात कायम पेनड्राइव्ह अडकवतो म्हणून हे नाव. दोन मुलांचा बाप झाला तरी सुटलं नाही बिचाऱ्याचं. त्याने एक फाईल पाठवली. तीनशे ऐंशी प्रश्न, उत्तरांसकट. परीक्षा देऊन बाहेर आलेल्यांनी आठवून आठवून उतरवलेले. म्हणाला, पुस्तकबिस्तक ठेवा बाजूला ताई, यातलेच येतात. परिपत्रकात खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की असलं काही जवळ सापडलं तर दोन वर्षं परीक्षेला बंदी. त्याने ते वाचलंय की नाही कोण जाणे.

उघडली नाही.

बुधवार, ४ ऑक्टोबर

उघडली. पहिलंच पान. नुसतं बघायला.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

कोण बनवतं हे सगळं? प्रश्नांपेक्षा मला त्याचंच वेड लागलंय. एकाच फाईलमध्ये किती हात दिसतात! एकाची वाक्यं पूर्ण, काना-मात्रा जागच्या जागी. दुसऱ्याला पूर्णविराम म्हणजे काय ते माहीतच नाही. एका ठिकाणी लिहिलंय — 'पर्याय क आठवत नाही पण ड बरोबर.' आणखी एकाने तर कहर केलाय — 'इथे शिंक आली त्यामुळे प्रश्न अर्धाच वाचला.' त्या शिंकेवर मी इतकी हसले की नवरा दुसऱ्या खोलीतून बघायला आला.

पेनड्राइव्ह सांगत होता, कामाची वाटणी असते म्हणे. एकाने पहिले दहा पाठ करून आणायचे, दुसऱ्याने पुढचे दहा. एवढे कष्ट! तेवढ्या वेळात अभ्यास झाला नसता का? पण मग लक्षात आलं, हे स्वतःसाठी करतच नाहीत. आत गेलेला माणूस मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी पाठ करतोय. चोरी करावी तीही इतक्या आपुलकीने! मला नीट रागावताही येईना.

कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रिंट काढली. ऑफिसच्या प्रिंटरवर काढायची हिंमत झाली नाही — यावरूनच काय ते समजावं. नियम केलाय: उत्तरावर पाकीट ठेवायचं, आधी आपलं उत्तर वहीत लिहायचं, मग पाकीट उचलायचं. आता याला चोरी म्हणायचं की अभ्यास? नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "पाकीट कुठल्या दिवशी पातळ वाटायला लागतं ते सांग."

आगाऊ आहे.

पण खरंच, चार दिवसांत मी किती घसरले ते बघावं. आधी ठरलं उघडायची नाही. मग उघडायची पण वाचायची नाही. मग प्रश्न वाचायचे, उत्तरं नाही. आता उत्तरंही, पण नंतर. प्रत्येक वेळी नवी सबब हजर! वकील व्हायला हवं होतं मी.

रविवार, ८ ऑक्टोबर

सासऱ्यांनी तीस वर्षं गाडीच्या लायसन्सची परीक्षा घेतली. म्हणजे घरातच तज्ज्ञ. ते मटार सोलत बसले होते, मीही टोपलीपाशी बसले आणि विषय काढला. फाईल माझीच आहे हे सांगितलं नाही, ऑफिसातल्या एकाची म्हणाले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढची शेंग घेतली.

म्हणाले, आमच्या परीक्षेचा रस्ता अख्ख्या गावाला पाठ होता. पाण्याच्या टाकीपासून डावीकडे, मग चढ, चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करायची, शेवटी दोन पिंपांच्या मधून मागे घ्यायची. लोक महिना महिना पहाटे येऊन त्याच रस्त्यावर गिरवायचे. मी विचारलं, मग पेपर फुटल्यासारखंच की ते. ते म्हणाले, "रस्ता माहीत असू दे ना, सूनबाई. चढावर ब्रेक सोडला की गाडी मागे सरकते. तिला धरून ठेवायला रस्ता पाठ असून भागत नाही."

एकदा त्यांनी रस्ता बदलून बघितला होता म्हणे. अकरा जण नापास झाले, त्यातले बरेचसे चांगले चालवणारे. बावरले, इतकंच. त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं. मग त्यांनीच विचारलं, तुमच्या त्या परीक्षेत चढ कुठे असतो? बटणं दाबायची असतात फक्त. मी सालं उचलली आणि ओट्याकडे गेले.

मंगळवार, १० ऑक्टोबर

दोनशे चौदाव्यावर अडकले!

प्रश्न बॅकअपचा आहे. रविवारी सगळ्या माहितीची पूर्ण प्रत काढतात. मग रोज रात्री फक्त त्या दिवशी जे बदललं तेवढंच. जागा कमी पडतेय, तर रोजच्या प्रती कधी पुसाव्यात? पर्याय अ: पुढच्या रविवारची पूर्ण प्रत नीट निघेपर्यंत एकही पुसू नये. पर्याय ब: दोन रात्रींनंतर पुसाव्यात, कारण सर्वांत ताज्या प्रतीत सगळे बदल असतातच. क आणि ड असेच भरतीचे.

मी डोळे झाकून अ लिहिलं. पाकीट उचललं तर ब!

असं कसं? रोजची प्रत म्हणजे त्या एका दिवसाचं पान. सोमवार-मंगळवारची पानं फाडून टाकली आणि गुरुवारी वही वाचायला घेतली, तर मधलं कुठून आणणार? दुसरी एक पद्धत असते, तिच्यात रोज रात्री रविवारपासूनचं सगळंच घेतात. तिथे ब चालेल. कोणीतरी दोन्हींची गल्लत केलीय.

तरी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर खोट्या फाईलींचा आठवडा रचला, फाईलमध्ये सांगितलंय तसं पुसलं आणि परत आणून बघितलं. मधले दोन दिवस गायब. टाळी वाजवली मी एकटीने! किती दिवसांनी असं काही करून बघितलं. चौदा वर्षांपूर्वी याच खाजेपायी या कामात आले होते, त्याची आठवण झाली.

बुधवार, ११ ऑक्टोबर

आज उगाच फिरून पाच जणांना तो प्रश्न विचारला. सगळे सर्टिफिकेटवाले. चार जण तत्काळ म्हणाले, दोन रात्रींनंतर. का? तर "ताज्यात सगळं असतं." चौघांचे शब्दसुद्धा तेच! पाचवे पुढच्या वर्षी निवृत्त होणारे, फाईल यायच्या आधी पास झालेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, कागदावर सात चौकोन काढले आणि पाच मिनिटांनी म्हणाले, पुसू नये. मग मलाच विचारलं, का, काय झालं?

काही नाही म्हणाले. तेव्हा खरंच काही नव्हतं.

गुरुवार, १२ ऑक्टोबर



दुपारी सहज आपल्याच बॅकअपची सेटिंग उघडली. रोजच्या प्रती दोन रात्रींनंतर पुसा. फेब्रुवारीपासून! आमच्याकडे कामं वाटलेली आहेत. मशीन माझ्याकडे, बॅकअप टायकडे. टाय म्हणजे आमचे विभागप्रमुख, सर्व्हर रूमच्या गारठ्यातही टाय लावून बसतात. त्यांनी जानेवारीत परीक्षा दिली, आणि फेब्रुवारीत जागा वाचवली म्हणून वरून शाबासकी घेतली. रोज सकाळी पडद्यावर हिरवी खूण येते आणि मी वहीत 'ठीक' लिहिते. आठ महिने 'ठीक' लिहितेय मी! एखाद्या शनिवारी सर्व्हर बसला असता तर तीन-चार दिवसांचे रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या नोंदी, कोणाला कसली ॲलर्जी आहे ते — सगळं गेलं असतं.

पुसणं तेवढं लगेच बंद केलं. तेवढी अक्कल शाबूत होती. पण टायना सांगितलं नाही. ते पहिलं हेच विचारणार की आजच कसं सुचलं. मग प्रश्न, मग फाईल, मग दोन वर्षं बंदी आणि तळमजला. पाच वाजेपर्यंत त्यांच्या दारावरून चार वेळा गेले. चहाचे कप उगाच विसळले. मग घरी आले.

लिहायला लाज वाटतेय, पण हेच झालं.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

सांगितलं. सकाळी, पर्स खांद्यावर असतानाच, नाहीतर पुन्हा कप विसळत बसले असते.

टायनी अपेक्षेप्रमाणे विचारलं. मीही सांगून टाकलं — फाईलमध्ये उत्तर चुकीचं वाटलं, करून बघितलं, मग आपलं बघितलं. खालचा खण उघडून त्यांनी कागदांचा गठ्ठा काढला. तीच फाईल! दोनशे चौदावर पिवळ्या मार्करची रेघ.

"हे बरोबर आहे का, असं माझ्या मनातच आलं नाही कधी," ते म्हणाले. "पास व्हायचं होतं. आणि पास झाल्यावर वाटलं, आता आपल्याला येतं."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मला आयुष्यात पहिल्यांदा त्या टायची दया आली.

मग दोघांनी मिळून चाचणी घेतली. बुधवारच्या रात्रीपर्यंतचं सगळं मोकळ्या मशीनवर परत आणलं. लॅबच्या बाईंना बोलावलं, कारण काय दिसायला हवं ते त्यांनाच माहीत. बाईंनी सोमवारच्या एका रिपोर्टचा नंबर सांगितला. नाही. आणखी एक. नाही. तिसरा शोधायच्या आधी त्यांनी खुर्ची ओढून घेतली. चालू सर्व्हरवर सगळं जागेवर आहे, गेलेलं काही नाही, असं मी दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "आज नाही गेलं. पण आठ महिने आम्ही कशाच्या भरवशावर होतो?" टायनी टाय सैल केला. दुपारपर्यंत पूर्ण प्रत काढली, नियम बदलला. टायनी वर कळवलं, स्वतःच्या नावाने. मला म्हणाले, फाईलचं मी लिहिलेलं नाही, तुमचंही आणि माझंही. हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा राग आला.

सोमवार, १६ ऑक्टोबर

पेनड्राइव्हला आज भर खोलीत झाडलं. बघ म्हणाले, तुझ्या फाईलचे प्रताप! चोरणाऱ्यांना धड उत्तरही उतरवता आलं नाही आणि इथे माणसांच्या जिवाशी खेळ. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी अर्धा तास तरी बोलले असेन. मजा आली, खोटं कशाला बोलू? आपण बरोबर असण्याची चटक वाईट.

दोनशे चौदाच्या पुढे गेले नाही. उरलेले एकशे सहासष्ट प्रश्न तसेच ठेवून प्रिंट फाडून टाकली. आता पुस्तक.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

पेनड्राइव्ह चार दिवस वेगळा जेवत होता. आज डबा खाताना म्हणाला, "ताई, तुमचं पटलं. पण एक सांगू? त्या फाईलवर आजवर कोणी नापास झालेलं नाही."

म्हणजे?

म्हणजे ज्याला परीक्षेत कमी मार्क पडतात तो येऊन सांगतो म्हणे, आणि ते उत्तर बदलतात. फाईलवरच लिहिलंय, बाविसावी आवृत्ती. बावीस वेळा तपासलेली! मग दोनशे चौदा अजून तसंच कसं राहिलं? टायच्या भिंतीवर निकाल फ्रेम करून लावलाय, विभागवार. बॅकअप: सहापैकी पाच. पण दोनशे चौदावा त्यांना आला होता का ते त्यांना आठवत नाही, आणि एक कुठला गेला तेही नाही.

मग चूक नक्की कोणाची? उतरवणाऱ्याची, की ज्यावरून उतरवलं त्याची? नाही, असं कसं असेल. मोठी संस्था आहे, शंभर माणसं तपासत असतील. पण मला आता दुसरं काही सुचेना. भाजी करपली.

बुधवार, २५ ऑक्टोबर

पुस्तक दोनदा झालं. बॅकअपचं प्रकरण तर झोपेतही येईल. सासरे म्हणाले, उद्या घाई करू नकोस, आरशात बघून निघ.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

दिली.

छोटी खोली, चार मशीन, वर कॅमेरा. घड्याळ, पर्स, पेन्सिल सगळं कपाटात. एका मुलीने माझा चष्मा उलटसुलट करून बघितला. मग पडद्यावर पहिलंच पान: 'या परीक्षेतील प्रश्न मी आधी पाहिलेले नाहीत.' खाली दोन बटणं — 'मान्य' आणि 'बाहेर पडा'. थोडेसे पाहिलेत, पाकीट ठेवून पाहिलेत, भांडून पाहिलेत, असं बटण नाही. मी 'मान्य' दाबलं. चढ शोधत होते ना सासरे? इथे होता. आणि माझी गाडी मागे सरकली.

बॅकअपचे सहा प्रश्न आले. पाच सरळ. पुस्तकात बोट ठेवून दाखवीन असे. आणि सहावा तो! शब्द न शब्द तोच.

किती वेळ बसले असेन माहीत नाही. अ बरोबर आहे. जुन्या मशीनवर करून बघितलंय, सर्व्हरवर भोगलंय, लॅबच्या बाईंचा चेहरा बघितलाय. आणि मी ब दाबलं. कारण हे एकच उत्तर होतं ज्यावरून कळलं असतं: पाच आले तर फाईल चुकली, सहा आले तर पेपर. बाकी पेपर चांगला गेला होता, एका मार्काने काही बिघडत नव्हतं.

घरी येताना असं स्वतःला समजावलं. पण अ दाबूनही तेच कळलं असतं, आणि बटण दाबताना मनात तळमजल्यावरचा फोनही वाजत होता. कुतूहल किती आणि भीती किती, याची फोड करायला बसले, जमली नाही. निकाल उद्या.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

पास. बॅकअप: सहापैकी सहा.

पेनड्राइव्हची माफी मागितली. त्याला का ते कळलं नाही. टायनी निकाल दोनदा वाचला आणि हळूच बसले. त्या लोकांनी काहीच चुकीचं उतरवलं नव्हतं. पेपरच चूक आहे. जो प्रामाणिकपणे पुस्तक वाचून अ लिहितो त्याचा मार्क जातो, आणि दर महिन्याला नवे लोक ब शिकून कुठल्या ना कुठल्या सर्व्हर रूममध्ये जाऊन बसतात.

कळवायलाच हवं, आजच्या आज. संस्थेच्या साइटवर चुकीचा प्रश्न कळवायचा फॉर्म आहे. उघडला. नाव लिहिलं, सर्टिफिकेटचा नवाकोरा नंबर लिहिला. तिसरा रकाना: 'या प्रश्नाला आपण स्वतः कोणते उत्तर दिलेत?'